निकोटीनविरहित तंबाखू : एका यंत्राची कसोटी

तंबाखूच्या वाळलेल्या पानात हजारो रासायनिक पदार्थ असतात. त्यांतील एकच पदार्थ बाहेर काढावयाचा, आणि तो काढताना पानाचा रंग, वास, चव व लवचीकपणा यांना धक्का लागू द्यावयाचा नाही, असे काम एखाद्या रसायन-अभियंत्यावर सोपविले, तर ते वाटते तितके सोपे नसते. निकोटीनच्या बाबतीत हा प्रयत्न विसाव्या शतकात अनेकदा झाला आणि १९८० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत प्रचंड दाबपात्रांच्या कारखान्यापर्यंत जाऊन पोचला. अशा यंत्रसामग्रीची परीक्षा कशी घेतली जाते, त्या परीक्षेत ती उतरली म्हणजे काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण या प्रकरणात यंत्र कसोटीला उतरले, पण त्यातून निघालेला माल उतरला नाही. आणि मालाच्या त्या अपयशानेच तंबाखूविषयीची एक महत्त्वाची गोष्ट उघड केली.

पानातील निकोटीन

निकोटीन हे अल्कलॉइड वर्गातील संयुग होय. जर्मनीतील हायडलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान या दोघांनी १८२८ मध्ये ते तंबाखूतून प्रथम वेगळे केले. सोळाव्या शतकात पोर्तुगालमध्ये असलेला फ्रेंच राजदूत झां निको याच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. तंबाखूच्या झाडात ते मुळांत तयार होते आणि तेथून पानांत जाऊन साठते. कीटकांपासून झाडाचे रक्षण करणे हे त्याचे निसर्गातील कार्य. सिगारेटसाठी वापरल्या जाणाऱ्या तंबाखूत त्याचे प्रमाण साधारणतः वजनाच्या १ ते ३ टक्के असते. हुक्क्यासाठी व खाण्यासाठी उत्तर भारतात पिकविल्या जाणाऱ्या रस्टिका जातीत ते याहून बरेच अधिक असू शकते.

शुद्ध निकोटीन हा रंगहीन, तेलकट द्रव आहे. हवेत राहिल्यास तो तपकिरी होतो. त्याचा उकळबिंदू सुमारे २४७ अंश सेल्सियस आहे. परंतु पानात निकोटीन असे मोकळे नसते. ते क्षारकधर्मी असल्यामुळे पानातील मॅलिक व सायट्रिक या अम्लांशी त्याचा संयोग झालेला असतो आणि बहुतांश निकोटीन लवणांच्या रूपाने असते. ही लवणे सहजासहजी उडून जात नाहीत. त्यांच्यात एखादा अल्कधर्मी पदार्थ मिसळला, तर मात्र अम्लाची पकड सुटते आणि निकोटीन मोकळे होते. तळहातावर तंबाखूत चुना मळून ती तोंडात धरणारा मनुष्य नकळत हीच रासायनिक क्रिया घडवून आणीत असतो. चुन्यामुळे मोकळे झालेले निकोटीन तोंडाच्या आतील अस्तरातून लवकर रक्तात शिरते. निकोटीन काढण्याच्या जवळजवळ सर्व औद्योगिक पद्धतींची सुरुवातही याच पायरीपासून होते.

जुने उपाय आणि त्यांच्या उणिवा

पहिला उपाय अर्थातच वाफेचा होता. पानांना अमोनियाची प्रक्रिया देऊन निकोटीन मोकळे करावयाचे आणि नंतर त्यांतून वाफ सोडून ते वाहून न्यावयाचे. अशा रीतींनी निकोटीन कमी केलेल्या सिगारेटी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व जर्मनी या देशांत विकल्या जात असत. अमेरिकेत ‘सानो’ या नावाची सिगारेट त्यासाठी प्रसिद्ध होती. निकोटीन घटे हे खरे. पण वाफ निकोटीनबरोबर पानाचा सुगंधही घेऊन जाई. पाण्याने धुण्याची रीत वापरावी, तर शर्करा आणि इतर विद्राव्य पदार्थ वाहून जात. सेंद्रिय विद्रावक वापरावे, तर त्यांचा अंश पानात मागे राहण्याची धास्ती असे.

बाहेर काढलेल्या निकोटीनला मात्र गिऱ्हाईक होते. गंधकाम्लाशी संयोग करून तयार केलेले निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून जगभर वापरले गेले. भारतातही टाकाऊ तंबाखूपासून त्याचे उत्पादन होत आले. पुढे देशातील शेतीत त्याच्या वापरास बंदी झाली आणि उत्पादन निर्यातीपुरते उरले. किडीला मारणारा हा पदार्थ माणसालाही घातक आहे आणि तो त्वचेतूनही शरीरात शिरतो. गुजरातमधील तंबाखूच्या शेतांत पाने हाताळणाऱ्या कामगारांना होणारी मळमळ, वांती, चक्कर यांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात केला होता. ज्या यंत्रात किलोगणती निकोटीन वेगळे होते, त्याच्या परीक्षेत कामगारांच्या सुरक्षिततेला पहिले स्थान का द्यावे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

वायूही नव्हे, द्रवही नव्हे

नवा मार्ग सापडला तो अगदी निराळ्या दिशेने. १८२२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने बंद नळीत द्रव तापवीत असता एका विशिष्ट तापमानाला द्रव आणि त्याची वाफ यांमधील सीमारेषाच नाहीशी होते, असे पाहिले. कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत ही मर्यादा ३१ अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाब एवढी आहे, हे टॉमस अँड्र्यूज यांच्या १८६९ च्या संशोधनाने स्पष्ट केले. या क्रांतिक मर्यादेपलीकडे तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. वायूप्रमाणे तो बारीक छिद्रांत सहज शिरतो आणि द्रवाप्रमाणे पदार्थ विरघळवूनही घेतो. १८७९ मध्ये हॅने व होगार्थ यांनी अशा अवस्थेतील पदार्थात घन पदार्थही विरघळतात, हे दाखविले. विशेष म्हणजे दाब कमीअधिक केला की विरघळविण्याची ही शक्तीही कमीअधिक होते.

जवळजवळ एक शतक ही गोष्ट प्रयोगशाळेतील नवलाईच राहिली. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीतील म्यूलहाइम येथील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांनी तिचा उपयोग पदार्थ वेगळे करण्यासाठी करून दाखविला. ओलसर केलेल्या कॉफीच्या कच्च्या बियांतून अशा कार्बन डाय-ऑक्साइडने कॅफीन निघून येते आणि बियांची चव टिकते, असे आढळले. कॅफीननंतर निकोटीनची पाळी आली. १९७९ मध्ये अमेरिकेत देण्यात आलेल्या एका पेटंटात ही क्रिया दोन टप्प्यांत वर्णिली आहे. प्रथम कोरड्या तंबाखूतून सुगंधी द्रव्ये काढून बाजूस ठेवावयाची. मग तंबाखू ओलसर करून तीतून निकोटीन काढावयाचे, आणि शेवटी बाजूस ठेवलेला सुगंध तिला परत द्यावयाचा.

कॉफीतील कॅफीन काढण्यासाठी प्रसिद्ध असलेली ब्रेमेनची ‘हाग’ ही कंपनी १९७९ मध्ये अमेरिकेच्या जनरल फूड्सने घेतली आणि १९८५ मध्ये जनरल फूड्सच फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या ताब्यात आली. कॉफीचे ज्ञान आणि तंबाखूचा धंदा असे एका छपराखाली आले. या कंपनीने व्हर्जिनिया राज्यात निकोटीन काढण्याची यंत्रसामग्री उभारली.

लहान पात्राकडून मोठ्या पात्राकडे

प्रयोगशाळेत मूठभर तंबाखूतून निकोटीन काढता आले, म्हणून कारखान्यात टनावारी तंबाखूतून ते तसेच निघेल असे नाही. म्हणून प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामध्ये प्रायोगिक संयंत्राची पायरी असते.

पहिली परीक्षा खुद्द पात्राची असते. वातावरणाच्या २५० पट दाबाखाली काम करावयाचे आहे असे धरले, तर १० सेंटिमीटर व्यासाच्या लहान पात्राच्या झाकणावर सुमारे २० टनांचा जोर पडतो. तेच पात्र १ मीटर व्यासाचे केले की जोर सुमारे २,००० टनांवर जातो. अशी पात्रे आधी पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देऊन तपासतात. पाणी दाबाखाली फारसे आकुंचन पावत नाही. त्यामुळे पात्र फुटलेच, तरी दाबलेल्या वायूसारखा स्फोट होत नाही. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड, रंगहीन आणि वासहीन असतो. गळती झाल्यास तो सखल जागी साठून माणसाला गुदमरवतो. गळतीची सूचना देणारी उपकरणे बरोबर चालतात की नाही, हे तंबाखू आत घालण्यापूर्वीच पाहावे लागते.

दुसरी परीक्षा ओलाव्याची. कोरड्या तंबाखूतून निकोटीन फारसे बाहेर येत नाही. ओलाव्याने पानाच्या पेशी फुगतात आणि निकोटीनला बाहेर पडण्याची वाट मिळते. तथापि ओलावा फार झाला, तर पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो आणि विद्रावकाची वाट अडते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलीत—ओलावा, तापमान, दाब, विद्रावकाचे प्रमाण, लागणारा वेळ—प्रयोगामागून प्रयोग करावे लागतात.

तिसरी परीक्षा समानतेची, आणि मोठ्या पात्रात हीच सर्वांत कठीण. पाण्याला उतार सापडला की ते त्याच वाटेने धावते. त्याचप्रमाणे तंबाखू कोठे सैल आणि कोठे घट्ट भरली गेली असेल, तर विद्रावक सैल जागेतून निघून जातो आणि घट्ट भाग कोरडाच राहतो. समजा, १०० किलोपैकी ५ किलो तंबाखूला विद्रावकाचा स्पर्शच झाला नाही. मग उरलेली ९५ किलो कितीही निर्मळ झाली, तरी एकंदर निकोटीनपैकी ५ टक्के मागे राहणारच. ९७ टक्के काढण्याचे उद्दिष्ट गाठता येणे शक्य नाही. म्हणून परीक्षक वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून, तसेच मध्यातून आणि कडेने, असे अनेक नमुने घेतो. केवळ सरासरी आकडा त्याला पुरत नाही.

चौथी परीक्षा दाब उतरविण्याची. दाब एकदम सोडला, तर पेशींतील वायू झपाट्याने प्रसरण पावतो आणि पान लाहीसारखे फुलते. तंबाखू फुगवून कमी वजनात अधिक सिगारेटी भरण्यासाठी हीच युक्ती अन्यत्र मुद्दाम वापरतात. पण येथे पान पूर्ववत राहावयास हवे असते. शिवाय प्रसरणामुळे वायू इतका थंड होतो की नळ्यांत शुष्क बर्फ साचून त्या तुंबू शकतात. यास्तव दाब सावकाश, टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

ताळेबंद

विद्रावकाने उचललेले निकोटीन पुढे कोठेतरी उतरवून घ्यावे लागते, नाहीतर तोच विद्रावक पुन्हा वापरता येत नाही. दाब कमी केला की निकोटीन खाली बसते. परंतु मग तोच दाब पुन्हा चढविण्यास पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. दुसरा मार्ग अम्लाच्या सापळ्याचा. दाब तसाच ठेवून विद्रावक अम्लयुक्त पदार्थातून जाऊ दिला की क्षारकधर्मी निकोटीन तेथे लवण होऊन अडकते आणि मोकळा झालेला विद्रावक तंबाखूकडे परत जातो. जे लवण सुरुवातीला पानात मोडले, तेच शेवटी सापळ्यात पुन्हा जुळते, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सर्व नीट घडले की नाही, याचा निवाडा ताळेबंद करतो. १०० किलो कोरड्या तंबाखूत २ टक्के म्हणजे २,००० ग्रॅम निकोटीन होते असे समजू. प्रक्रियेनंतर तीत ६० ग्रॅम उरले. ९७ टक्के निघाले, असे कोणीही म्हणेल. परंतु सापळ्यात १,७०० ग्रॅमच सापडले, तर उरलेले २४० ग्रॅम कोठे गेले? ते नळ्यांच्या भिंतींना चिकटले असेल, पाण्याबरोबर वाहून गेले असेल, किंवा मोजणीतच चूक असेल. त्यातील काही हवेत मिसळत असेल, तर तो कामगारांच्या जिवाशी खेळ ठरेल. जमेची आणि खर्चाची बाजू जुळेपर्यंत सावध परीक्षक यंत्राला उत्तीर्ण म्हणत नाही.

शेवटचे काही टक्के काढणे फार महाग पडते, हेही याच टप्प्यावर कळते. विद्रावकाच्या एका फेरीत असलेले निकोटीन निम्मे होते असे धरले, तर पहिल्या फेरीत ५० टक्के निघते, पण पाचव्या फेरीत जेमतेम ३ टक्के. पाच फेऱ्या झाल्या म्हणजे सुमारे ९७ टक्के निघून गेलेले असते. आणि प्रत्येक फेरीचा खर्च मात्र पहिलीइतकाच असतो.

धुराची परीक्षा

पानातील निकोटीन मोजले म्हणजे धुरातील मोजले असे नव्हे. म्हणून प्रक्रिया केलेल्या तंबाखूच्या सिगारेटी करून त्या धूम्रपान यंत्राला लावतात. अमेरिकेत १९६७ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार हे यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेते. झुरका दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटर धुराचा. धुरातील कण एका गाळणीवर अडकतात. त्यांचे वजन करून त्यातून पाणी आणि निकोटीन वजा केले की उरते ते ‘टार’.

या व्याख्येकडे वाचकाने लक्ष द्यावे. टार म्हणजे निकोटीन सोडून राहिलेले सर्व काही. कर्करोगास कारणीभूत होणारे अनेक पदार्थ त्यात असतात आणि ते पान जळताना तयार होतात. कार्बन मोनॉक्साइडही जळण्यातूनच निर्माण होतो. तेव्हा पानातून निकोटीन कितीही कसोशीने काढले, तरी जळण्याचे हे परिणाम टळत नाहीत. निकोटीनविरहित सिगारेट ही निरुपद्रवी सिगारेट नव्हे.

माणसाची कसोटी

फिलिप मॉरिसने १९८९ मध्ये ‘नेक्स्ट’ या नावाची सिगारेट अमेरिकेतील निवडक भागांत चाचणीदाखल विक्रीस आणली. तिच्या धुरात सुमारे ९ मिलिग्रॅम टार होता, तर निकोटीन ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी. दिसावयास ती इतर सिगारेटींसारखीच होती आणि यंत्राने आपले काम चोख केले होते. पण लोकांनी ती स्वीकारली नाही आणि लवकरच ती मागे घ्यावी लागली.

याच्या आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकेचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटीन व्यसन लावते, असा स्पष्ट निष्कर्ष काढला होता. असे असूनही १९९४ च्या एप्रिलमध्ये सात मोठ्या अमेरिकन तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे शपथेवर सांगितले, की निकोटीन व्यसन लावते असे आपणांस वाटत नाही. सिगारेट ओढली जाते ती चवीसाठी, असा उद्योगाचा पवित्रा असे. तसे असते, तर जिची चव राखण्यासाठी एवढे परिश्रम घेतले, ती सिगारेट लोकांनी निदान काही प्रमाणात तरी पत्करावयास हवी होती. एका मालाच्या अपयशास किंमत, जाहिरात, चवीतील सूक्ष्म फरक अशी अनेक कारणे असू शकतात, हे खरे. तरीही सिगारेट विकत घेणारा मनुष्य वस्तुतः काय विकत घेतो, हा प्रश्न या चाचणीने अटळपणे पुढे आणला.

अशा सिगारेटी पुढे संशोधकांच्या कामी आल्या. त्या ओढल्यावर रक्तातील निकोटीन फारसे वाढत नाही. तरी हाताची सवय, धुराचा घशाला होणारा स्पर्श आणि वास यांमुळे ओढण्याची तलफ काही काळ शमते, असे प्रयोगांत दिसून आले. व्यसनाचे दोन धागे, एक रसायनाचा व दुसरा सवयीचा, प्रथमच असे वेगवेगळे करून पाहता आले. ‘लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारेटींपेक्षा ही गोष्ट मुळातच निराळी होती. तेथे गाळणीच्या छिद्रांतून हवा मिसळून यंत्रावरचा आकडा तेवढा खाली येई. पानात निकोटीन शाबूतच असल्यामुळे ओढणारा अधिक खोल झुरके घेऊन आपली गरज भागवी. पानातच निकोटीन नसेल, तर खोल झुरक्यानेही ते मिळत नाही.

१९९४ मध्येच बेनोविट्झ आणि हेनिंगफील्ड या शास्त्रज्ञांनी सुचविले, की सर्वच सिगारेटींतील निकोटीन इतके खाली आणावे, की नव्या तरुणाला व्यसन लागूच नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत ८४० जणांनी भाग घेतला. सहा आठवड्यांच्या अखेरीस नेहमीइतके निकोटीन असलेल्या सिगारेटी मिळालेली माणसे दिवसाला २१ ते २२ सिगारेटी ओढत होती. सर्वांत कमी निकोटीनच्या गटांत हा आकडा १५ ते १६ च्या आसपास होता. या चाचणीतील सिगारेटींसाठी दाबपात्रांची गरज नव्हती, कारण आनुवंशिक बदल करून मुळातच कमी निकोटीन असलेली तंबाखू तोवर पिकविता येऊ लागली होती.

अमेरिकेत २००९ च्या कायद्याने तेथील अन्न व औषध प्रशासनास निकोटीनचे प्रमाण घटविण्याचा, मात्र ते शून्यावर न आणण्याचा, अधिकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये या प्रशासनाने एक ग्रॅम तंबाखूत ०.७ मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन नसावे, असा प्रस्ताव मांडला. वरच्या ताळेबंदातील तंबाखू या मापाने मोजून पाहावी. तीत आरंभी दर ग्रॅमला २० मिलिग्रॅम निकोटीन होते. ९७ टक्के काढल्यावर उरले ०.६ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या मर्यादेचा विचार कायदा करू लागला, तेथवर पोचण्याचे तंत्र उद्योगाच्या हाती पस्तीस वर्षांपूर्वीच आले होते.

दाबपात्राची परीक्षा दाबमापकावर वाचता येते, तंबाखूची ताळेबंदात आणि धुराची गाळणीवर. या तिन्ही ठिकाणी निकोटीन काढणे हा तंत्राचा प्रश्न होता आणि तो सुटला. चौथी परीक्षा दुकानाच्या फळीवर झाली. तेथे निकोटीन नसलेली सिगारेट पडून राहिली आणि शेजारची, निकोटीन असलेली, विकली गेली.